साताऱ्याचा परिसर, कारणांसकट : छायाचित्र प्रकल्पाच्या नोंदी

३ मार्च

जागा ठरल्या. लिंबची बारा मोटांची विहीर, वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, ठोसेघरचा धबधबा, कासचा सडा (उघड्या खडकाचं पठार), अजिंक्यतारा आणि सज्जनगड. सगळी ठिकाणं साताऱ्यापासून तास-दीड तासाच्या आत आहेत आणि प्रत्येकाचे हजारो फोटो निघालेले आहेत. त्यातल्या बहुतेकांत जागा सुंदर दिसते, पण ती तशी का आहे ते कळत नाही. विहिरीला एवढा मोठा घेर कशाला, देवळाची मागची भिंत अशी निमुळती का, सड्यावर झाडं का वाढत नाहीत, याचा पत्ता लागत नाही. म्हणून या प्रकल्पाचा निकष एकच ठेवला आहे. जागा ज्या कारणाने तशी झाली ते कारण चौकटीत दिसायला हवं. नसेल दिसत, तर चित्र कितीही देखणं असलं तरी भिंतीवर जाणार नाही.

प्रत्येक ठिकाणाची दोन चित्रं: एक जागा दाखवणारं, एक अगदी जवळून.

आधी सूर्याचं गणित. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर येतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, म्हणजे साडेआठ अंशांचा फरक, आणि एका अंशाला ४ मिनिटं. त्यामुळे इथली खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर सुमारे ३४ मिनिटांनी होते. वर्षभरात तीही पुढे-मागे सरकते: फेब्रुवारीच्या मध्यात १२.४८, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८. उगवतीची दिशा जूनच्या शेवटी उत्तरेपासून ६५ अंशांवर असते आणि डिसेंबरच्या शेवटी ११५ अंशांवर. पन्नास अंशांची ही हालचाल लक्षात न घेता 'सकाळी सातला जाऊ' असं ठरवलं की जी भिंत उजेडात हवी ती नेमकी सावलीत सापडते. दिशा फोनच्या होकायंत्रावर मोजायची असेल तर गाडीच्या टपावर फोन ठेवून मोजू नये. लोखंडाजवळ काटा सहज १०-१५ अंश फिरतो. नकाशावर रेघ मारून कोन काढणं जास्त भरवशाचं.

साहित्य: २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, १६-३५, २४-७० आणि ७०-२०० च्या लेन्स, १०० मिमी मॅक्रो, पोलरायझर (चकाकी कापणारं फिल्टर), ६ स्टॉपचा एनडी (उजेड सहा वेळा निम्मा करणारं काळपट फिल्टर), ग्रे कार्ड (रंग ताडून पाहायचं राखाडी कार्ड), रिमोट. ट्रायपॉडला रबरी आणि अणकुचीदार असे दोन्ही पाय. दगडी पायऱ्यांवर अणकुचीदार पाय लावायचे नाहीत. घसरतात ते वेगळंच, कोरीव दगडावर ओरखडे उठतात.

१९ मार्च. लिंब

विहीर शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली. काम १७१९ ते १७२४ या काळातलं. खोली साधारण ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटांचं, पण मोटा (बैलांनी ओढायच्या पाण्याच्या कातडी पिशव्या) लावायच्या जागा पंधरा आहेत. आजूबाजूच्या आमराईला पाणी पुरवायचं हे या बांधकामाचं काम होतं, आणि चित्राची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

बहुतेक लोक जिना उतरून थेट आतल्या महालात जातात आणि कमानीतून अष्टकोनी विहीर टिपतात. ती चौकट चांगलीच आहे, पण तीत मोट कुठेच येत नाही. मोट वर चालत असे. बैल धावेवरून (उतरत्या वाटेवरून) चालत, नाडा (जाड दोर) चाकावरून ओढला जाई, मोट वर आली की सोंदूर (तोंडाची बारीक दोरी) ताणून तिचं तोंड थारोळ्यात (दगडी कुंडात) रिकामं होई आणि पाणी पाटाने पुढे जाई. काठावरचे मोटांचे दगड आणि खाली पाण्याची पातळी एकाच चौकटीत आली तरच ५० फुटांचा घेर का लागला ते कळतं: इतक्या मोटा एका वेळी एकमेकींना न अडकता खाली-वर व्हायला हव्या होत्या.

ही चौकट मिळवायची तर काठावरून तिरकं खाली पाहावं लागतं. १६ मिमी लेन्स खाली वाकवली की समोरच्या भिंतीच्या उभ्या रेषा तळाकडे मिटत जातात आणि विहीर नरसाळ्यासारखी दिसते. त्यावर उपाय असा: कॅमेरा पूर्ण सपाट ठेवायचा, चौकट उभी धरायची, आणि वरचा नको असलेला भाग नंतर कापायचा. एक तृतीयांश पिक्सेल जातात, रेषा मात्र सरळ राहतात. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वाकवता खाली-वर सरकणारी) असेल तर प्रश्नच मिटला. काठावर ओणवं होऊन किंवा ट्रायपॉडचा एक पाय कठड्याबाहेर काढून काहीही मिळवायचं नाही.

महालातून टिपताना अडचण उजेडाची. कमानीच्या आतला काळा दगड आणि बाहेरचा उन्हातला कठडा यांत आठ-नऊ स्टॉपचा फरक पडतो. आयएसओ १००, एफ/८ ठेवून पाच चौकटी: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. जोडताना सावल्या फार उचलायच्या नाहीत. महाल अंधारा आहे, तो अंधाराच दिसू दे. सगळं सारख्या उजेडात आणलं की दगडाचं वजन जातं. खांबांवरची शिल्पं, गणपती, मारुती, हत्तीस्वार, घोडेस्वार, ही वेगळी घ्यायची.

आज खऱ्या दुपारी, १२.४२ ला, सूर्य माथ्यापासून १८ अंश दक्षिणेला होता. ११० फूट खोलीला हा कोन लावला तर ऊन तळाशी ३६ फूट उत्तरेकडे सरकतं, म्हणजे अगदी तळापर्यंत पोचणारा पट्टा जेमतेम १४ फुटांचा. पाणी भरलेलं असलं की अंतर कमी होतं आणि पट्टा रुंद पडतो. याच हिशेबाने, विहीर रिकामी धरली तर मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर तळाला थेट ऊन लागतच नाही. हिवाळ्यात दुपारी जाऊन 'आज उजेड नव्हता' म्हणण्यात अर्थ नाही, त्या दिवसांत तो नसतोच.

वरून पाहिल्यास विहिरीचा आकार शिवलिंगासारखा आहे. जमिनीवरून तो चौकटीत येत नाही. चित्राशेजारी मोजून काढलेला आराखडा लावायचा, असं ठरलं.

११ मे. लिंब, शून्य सावली

साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला. दुसऱ्या वेळी ढग असतात, त्यामुळे कामाची तारीख ही एकच. वेळ १२.३०.

तळाला संपूर्ण ऊन मिळतं, पाण्याचा रंग दिसतो, आत पडलेला पालापाचोळाही दिसतो. पण आजच्या दिवसाचं खरं काम भिंतीवरच्या शिल्पांचं. सूर्य माथ्यावर असला की उभ्या भिंतीवर ऊन भिंतीला घासून खाली येतं आणि कोरीव काम उठून दिसतं. किती उठावं याला मात्र मर्यादा आहे. १२.५० ला सूर्य माथ्यापासून सुमारे ५ अंश कललेला असतो, तेव्हा दगडाचा १ सेंटीमीटर उठाव जवळजवळ १२ सेंटीमीटर लांब सावली टाकतो. व्यालाची (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची) आयाळ स्वतःच्याच सावलीत बुडते. १.३० ला कोन १४ अंशांच्या आसपास जातो, सावली ४ सेंटीमीटरवर येते आणि आयाळ, पंजा, खालचा हत्ती वेगवेगळे वाचता येतात. त्यामुळे तळासाठी १२.३०, शिल्पांसाठी त्याच्या तासभर आधी किंवा नंतर. दुपारच्या आधी पश्चिमेकडच्या भिंतीला ऊन, दुपारनंतर पूर्वेकडच्या. चुकीच्या अर्ध्या तासात उभं राहिलं की पूर्ण भिंत निळसर सावलीत असते आणि नंतर संगणकावर कितीही ताणलं तरी उठाव येत नाही.

सावली वरून खाली पडते हे चांगलं. फ्लॅश किंवा दिवा खालून लावला तर डोळ्याला उठलेला भाग खोल आणि खोल भाग उठलेला वाटायला लागतो. शिल्पांवर दिवा लावायचाच असेल तर डाव्या किंवा उजव्या वरच्या बाजूनेच लावावा.

२८ मे. वाई, मेणवली

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी कृष्णेच्या घाटावर बांधलं. मूर्ती भव्य, म्हणूनच हे नाव. छायाचित्राच्या दृष्टीने या देवळाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे मागची भिंत. ती माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. नदीच्या पात्रात एवढं जड बांधकाम उभं करायचं तर पाण्याला वाट द्यावी लागते, आणि ती वाट बांधणाऱ्यांनी भिंतीच्या आकारातच दिली.

भिंतीचं काम दाखवायचं तर चित्रं दोन हवीत, तीही एकाच जागेवरून: मे अखेरीस पाणी उतरलेलं असताना आणि पावसाळ्यात भिंतीला पाणी लागलेलं असताना. दोन चित्रं शेजारी लावल्यावर पाणी सोडून काहीही हललेलं दिसता कामा नये. यात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ट्रायपॉडच्या जागेचा. 'त्याच पायरीवर उभे होतो' एवढं पुरत नाही. जवळची वस्तू १० मीटरवर आणि देवळाचं शिखर ६० मीटरवर धरलं, तर कॅमेरा १० सेंटीमीटर बाजूला सरकल्याने २४ मिमी लेन्सवर, ६००० पिक्सेल रुंद चौकटीत, या दोहोंमधलं अंतर सुमारे ३३ पिक्सेलने बदलतं. छापल्यावर ते डोळ्याला खुपतं, आणि दोन चित्रं एकमेकांवर बसवायला गेलं तर बसतच नाहीत.

जागा पक्की करायची पद्धत: चौकटीच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा जवळ-दूरच्या दोन जोड्या निवडायच्या. उदाहरणार्थ, जवळच्या दगडी खांबाची कड आणि तिच्यामागे शिखराचा एखादा विशिष्ट कोनाडा. दोन्ही जोड्या जुळल्या की जागा जुळली. लेन्सची उंची पायरीपासून फूटपट्टीने मोजून लिहायची (आज १४२ सेंटीमीटर), झूम टोकाला २४ वर, लेन्स करेक्शन दोन्ही वेळा सारखंच. पहिल्या चित्राची छापील प्रत सोबत न्यायची, फोनचा पडदा उन्हात दिसत नाही. पायरीवर रंगाने खूण करायची नाही, हा घाट लोकांच्या रोजच्या वापराचा आणि पूजेचा आहे.

पुराच्या वेळी ही पायरी पाण्याखाली गेली तर? म्हणून समोरच्या काठावर उंचावरची दुसरी जागाही याच पद्धतीने नोंदवून ठेवली.

मेणवलीला घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. पाणी कमी असताना कोर पूर्ण दिसते, म्हणून मे. सकाळी लवकर, पायऱ्यांच्या कडांवर ऊन तिरकं असेपर्यंतच. ऊन वर आलं की पायऱ्या एकच पांढरा पट्टा होतात.

जवळचं चित्र घंटेचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूसह मेरी कोरलेली आहे. गोलाई आणि ओतीव धातूची चकाकी या दोन अडचणी. समोरून दिवा लावला की मध्ये एक पांढरा डाग पडतो आणि आकडा त्यात जातो. पांढरं सुती कापड एका बाजूला ताणून त्यावर दिवा टाकायचा, म्हणजे धातूत कापडाचं रुंद, मऊ प्रतिबिंब येतं आणि अक्षरांच्या कडा त्यावर काळ्या उठतात. दिव्याची अडचण असेल तर उघड्या बाजूने येणारा उजेड पुरतो, १/४ सेकंदावर. घंटेला हात लावायचा नाही. किंचित हलली तरी तिचं झुलणं बराच वेळ थांबत नाही आणि चौकट फुकट जाते.

१२ जून

पावसाळ्याची तयारी. लेन्सला बुरशी लागते ती पावसात भिजल्याने कमी आणि भिजलेली बॅग बंद करून ठेवल्याने जास्त. घरी आल्यावर सगळं बाहेर काढून, लेन्सची टोपणं उघडी ठेवून, पंख्याखाली दोन तास. नंतर डब्यात. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के, त्यासाठी दहा-बारा रुपयांच्या पुड्यांपेक्षा रंग बदलणारं सिलिका जेल पाव किलो आणि एक साधा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, ती कढई स्वयंपाकाला परत वापरायची नाही. आर्द्रता ३० च्या खाली नेऊ नये, झूमच्या आतलं वंगण आणि रबर त्याने कोरडं पडतं.

१८ जुलै. ठोसेघर

साताऱ्यापासून साधारण २० किलोमीटर, सज्जनगडाच्या पायथ्यावरून पुढे. धबधबा समोरच्या प्रेक्षागॅलरीतून पाहायचा. दरीत उतरायचं नाही. पावसात शेवाळलेला कातळ बुटाला धरत नाही, आणि वर पाऊस वाढला की खाली पाणी कळवून येत नाही.

धुकं हा इथला मुख्य प्रश्न. समोरचं काही न दिसता वीस-पंचवीस मिनिटं जातात, मग पडदा फाटतो आणि पुन्हा मिटतो. त्या मोकळ्या वेळेत फोकस शोधत बसायला सवड नाही. धुक्यात ऑटोफोकस इकडून तिकडे फिरत राहतो. पहिल्यांदा कडा दिसला की मॅन्युअलवर फोकस लावून रिंगला चिकटपट्टी मारायची. उघडीप आल्यावर फक्त बटण.

एक्स्पोजर दोन टोकांचं. चौकटीत धुकं जास्त असेल तर मीटर (कॅमेऱ्याचा उजेडमापक) त्याला राखाडी करतो, अधिक १ स्टॉप द्यावं लागतं. कडा मोकळा असेल तर तोच मीटर काळ्या कातळाला उजळतो आणि पाणी पांढरं जळतं, तेव्हा उणे ०.७. म्हणून मीटरवर न सोडता मॅन्युअलवर ठेवून पाण्याच्या सर्वांत पांढऱ्या भागाकडे पाहायचं. त्यात रेघा दिसत असतील तर बाकीचं नंतर सांभाळता येतं.

शटरबद्दल आमचं मत पक्कं आहे. दोन-चार सेकंदांचं एक्स्पोजर देऊन पाणी रेशमी करण्याची पद्धत या धबधब्याला शोभत नाही. कडा बेसॉल्टच्या थरांचा आहे. कठीण थर पुढे राहतो, खालचा मऊ थर झिजतो, आणि पाणी टप्प्याटप्प्याने आदळत खाली येतं. ते आदळणं १/१५ ते १/४ सेकंदांत दिसतं. धारेची दिशा कळते आणि कुठे थर पुढे आला आहे तेही कळतं. त्याहून लांब गेलं की टप्पे पुसले जातात. एका चौकटीसाठी १/१००० ही घ्यावं, जोरदार पावसानंतर येणारं तांबूस पाणी गोठलेलं पाहिलं की डोंगराची माती किती वाहते ते समजतं. हा तांबूस रंग व्हाइट बॅलन्सने 'दुरुस्त' करायचा नाही.

पोलरायझर लावायचा तो आकाशासाठी नाही, ओल्या पानांवरची आणि खडकावरची पांढरी चकाकी काढण्यासाठी. पूर्ण फिरवला तर ओला खडक कोरडा दिसतो, म्हणून अर्ध्यावर थांबायचं. तुषार लेन्सवर येतातच. कोरड्या मायक्रोफायबरने पुसलं की पाणी पसरतं. आधी ब्लोअर, मग टिपकागदासारखं दाबून टिपणारं जुनं सुती कापड. एक बंद पिशवीत, दोन राखीव.

६ ऑगस्ट. वाई

मेमधल्या जागेवरून जोडीतलं दुसरं चित्र. वर धोमचं धरण आहे, त्यामुळे इथलं पाणी नुसत्या पावसावर चढत नाही, विसर्गावर चढतं. विसर्गाच्या सूचना पाहूनच निघायचं, आणि पाणी वाढत असताना घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर थांबायचं नाही.

खालची जागा बुडालेली होती, काठावरच्या दुसऱ्या जागेवरून काम झालं. दोन्ही जोड्या जुळायला वेळ गेला तो उंचीमुळे: ओल्या मातीत ट्रायपॉडचे पाय दोन सेंटीमीटर खचतात. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले की खचणं थांबतं. शटर १/३० ठेवलं. भिंतीच्या टोकाला पाणी उचलून दोन बाजूंना वळतं, ती उंच रेघ १/३० ला स्पष्ट येते. एका सेकंदाला सगळं पाणी सपाट चॉकलेटी होतं आणि भिंत काय काम करते आहे तेच जातं.

१४ सप्टेंबर. कास

सगळ्या प्रकल्पात वेळ लागतो तो इथे, आणि लागायलाच हवा.

कास म्हणजे सुमारे १२०० मीटर उंचीवरचा जांभ्याचा सडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला, त्यात ही जागा आहे. खाली सलग खडक, वर काही सेंटीमीटर माती, कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी मुरायला जागा नसते, ते उथळ साचतं. उन्हाळ्यात तोच खडक तापून कोरडा पडतो. झाडाला मूळ रोवायला खोली मिळत नाही. टिकतात त्या पावसाच्या तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या वनस्पती. म्हणून इतकी फुलं एकदम येतात.

तेरड्याचा गुलाबी गालिचा हा सर्वांना माहीत असलेला फोटो २०० मिमी लेन्सने काढलेला असतो. लांबची लेन्स मधल्या मोकळ्या जागा मिटवते, खडक नाहीसा होतो आणि फुलांची शेती केल्यासारखं वाटतं. तो फोटो खोटा नाही, पण सड्याची गोष्ट त्यात नाही. आमच्या मोठ्या चित्रात पुढच्या भागात उघडा जांभा, त्याच्या खळग्यातलं बोटभर पाणी, त्याच्या कडेला गेंदाच्या पांढऱ्या बोंड्या, मागे तेरडा, असा क्रम हवा. २४ मिमी, लेन्स जमिनीपासून गुडघ्याइतकी, एफ/११, फोकस साधारण दीड मीटरवर. पाण्याचा खळगा दिसला पाहिजे म्हणून पोलरायझर इथे काढून ठेवायचा, नाहीतर आकाशाचं प्रतिबिंब जातं आणि खळगा मातीसारखा दिसतो.

पाण्याच्या खोलीनुसार फुलं बदलतात, हे एकदा डोळ्यात भरलं की चौकट कुठे लावायची ते आपोआप कळतं. ओलसर, पाणी झिरपणाऱ्या पातळ मातीत निळी-जांभळी सीतेची आसवं आणि गेंद. उथळ डबक्यांत वायतुरा, इंग्रजी 'वाय' सारखा दुहेरी तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. जरा जास्त माती असेल तिथे तेरडा, मिकी माऊस म्हणून ओळखला जाणारा पिवळा कवला, नंतर सोनकी. चवर याआधीच, भर पावसात येऊन गेलेली असते.

जवळच्या चित्रासाठी सीतेची आसवं आणि दवबिंदू निवडले, कारण सड्याची मूळ अडचण या दोघांत दिसते. एवढ्या पातळ, धुपलेल्या मातीत नत्र नसतं. दवबिंदू चिकट केसांवर किडे धरतो. सीतेची आसवं मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांत त्याहून लहान जीव ओढून घेतात. वरचं फूल नाजूक आणि जमिनीखाली शिकार चाललेली. पिशव्या दाखवायला झाड उपटावं लागेल, ते करायचं नाही. दवबिंदूच्या केसांवर अडकलेला किडा पुरेसा आहे.

मॅक्रोचं गणित कडक असतं. अर्ध्या आकाराला (१:२), एफ/११ वर, तीक्ष्ण दिसणारी खोली जेमतेम ४ मिलिमीटर. फूलच सेंटीमीटरभराचं, म्हणजे पूर्ण फूल एका चौकटीत येत नाही. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या चौकटी जोडणं) इथे बहुधा फसतं, कारण सड्यावर वारा थांबत नाही. चौकटी जोडल्यावर पाकळीच्या दुहेरी कडा येतात. त्यापेक्षा प्रमाण १:४ वर आणावं, खोली १३ मिलिमीटरच्या आसपास मिळते, आणि नंतर कापून घ्यावं. शटर १/२५० च्या खाली नको, आयएसओ ८०० गेला तरी चालेल. वाऱ्याच्या बाजूला पिशवी किंवा छत्री धरली की झुळकांमधला थांबा थोडा लांबतो. फूल दोऱ्याने किंवा चिमट्याने बांधून ठेवण्याचा प्रकार पाहायला मिळतो, तो करू नये. देठ तिथेच मोडतो.

रंगाची अडचण दोन प्रकारची. तेरड्याच्या गुलाबीत लाल चॅनेल आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) सुरक्षित दिसतो आणि पाकळ्यांच्या शिरा मात्र गेलेल्या असतात. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम लावून लालकडे बघत उणे ०.७ पर्यंत खाली यावं. दुसरी अडचण सीतेच्या आसवांची: ऑटो व्हाइट बॅलन्स त्यांचा जांभळा रंग निळ्याकडे ढकलतो, ढगाळ हवेत जास्तच. पहिल्या चौकटीत ग्रे कार्ड धरायचं आणि उजेड बदलला की पुन्हा. हलके ढग असलेली सकाळ उत्तम. कडक ऊन आलं तर ३० सेंटीमीटरचा पांढरा डिफ्यूझर फुलाच्या वर धरला की काम होतं.

पाय कुठे ठेवायचा हा इथला पहिला नियम. आखलेली वाट आणि उघडा खडक, बाकी कुठेही नाही. ट्रायपॉडचा प्रत्येक पायही खडकावरच. फुलांच्या मध्ये एक बूट टेकला की ती पातळ माती दबते आणि पुढच्या वर्षी त्या ठशात पाणी वेगळं साचतं. पुढे पोचता येत नसेल तर १०० मिमी ऐवजी ७०-२०० लावावी. ज्या चौकटीसाठी वाट सोडावी लागते ती चौकट सोडून द्यावी, यावर चर्चा नाही.

टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. तिच्या टोपलीसारख्या गोल झुडपांचा आकार फुलं नसतानाही चांगला येतो, उगवतीच्या तिरक्या उन्हात. फुलण्याच्या वर्षी तुलना करता यावी म्हणून वाईच्याच पद्धतीने जागा नोंदवून ठेवली.

कुमुदिनीच्या तळ्यावर सकाळीच जावं.

२६ ऑक्टोबर. अजिंक्यतारा, सज्जनगड

पाऊस संपल्यावरचे हे दिवस हवेच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत स्वच्छ. धूळ धुतलेली असते आणि हिवाळ्यातला थर अजून बसलेला नसतो. डिसेंबरमध्ये थंड हवा खोऱ्यात अडकते, धूर तिच्याखाली राहतो आणि सकाळी शहरावर करडी पट्टी येते.

अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे. किल्ल्यावरून शहराकडे, म्हणजे उत्तरेला पाहिलं की हिवाळ्यात सूर्य पाठीशी राहतो आणि घरांच्या दर्शनी बाजू उजळतात. शाहू महाराजांनी शहर वसवलं ते या किल्ल्याच्या आधाराने, आणि वरून ते स्पष्ट दिसतं: जुनी वस्ती पायथ्याला बिलगलेली, नवी सपाटीवर पसरत गेलेली. सहा उभ्या चौकटी, ८५ मिमीवर, प्रत्येकीत एक तृतीयांश सामाईक भाग. एकूण सुमारे ७० अंश. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. पोलरायझर लावायचा नाही, पॅनोरमात आकाशाचा एक तुकडा गडद येतो. सुरुवात ज्या बाजूला ढग जात आहेत त्या बाजूने करावी, नाहीतर एका चौकटीतली ढगाची सावली पुढच्या चौकटीत पुन्हा येते.

किल्ला स्वतः टिपायचा तर यवतेश्वरच्या बाजूने, संध्याकाळी. सकाळी तिथून तो काळी आकृती असतो. मावळतीचं तिरकं ऊन कड्यावर पडलं की बेसॉल्टचे आडवे थर एकेक करून मोजता येतात. किल्ला तिथेच का बांधला त्याचं उत्तर हेच थर: सरळ तुटलेला कठीण थर म्हणजे आयती तटबंदी, फक्त वर थोडं बांधकाम. याच यवतेश्वरच्या डोंगरावरून कासच्या तलावाचं पाणी उताराने शहरात येतं. सड्याचं चित्र आणि शहराचं चित्र शेजारी लावायला हे कारण पुरेसं आहे.

सज्जनगड ठोसेघरच्या रस्त्यावरून. वर समर्थ रामदासांची समाधी आहे (१६८२), आणि खाली उरमोडीचं जलाशय. गडाचा सपाट माथा, त्याखालचा कातळकडा, मग झाडीचा उतार, असे तीन पट्टे येतील एवढंच घ्यायचं. पाणी भरलेलं असताना जलाशयाचा कोपरा चौकटीत ठेवावा. ७० मिमीने कडा बुटका वाटतो, १३५ च्या पुढे त्याची खरी उंची येते. दुपारनंतर दरीतली हवा तापून थरथरते, लांबच्या लेन्सवर कडा मऊ दिसतो आणि दोष फोकसला दिला जातो. ऊन उतरल्यावर पुन्हा तीच चौकट घेऊन ताडून पाहावी.

१४ डिसेंबर. छपाई

आकार १८ बाय २४ इंच. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ५४०० बाय ७२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. २४० पीपीआयला ४३२० बाय ५७६०, सुमारे २५. हात पुढे करून पाहण्याच्या अंतरावरून हा फरक कळत नाही, म्हणून २४०. कापलेल्या चौकटी (लिंबची वरून घेतलेली, कासची मॅक्रो) १२ बाय १६ वर. ताणून मोठ्या करायच्या नाहीत.

कागद मॅट, सुती, ३०० जीएसएम. विहिरीच्या दगडाला आणि धुक्याला तो चांगला, पण तेरड्याचा गुलाबी त्यावर उतरत नाही. पडद्यावर दिसतो तो रंग मॅट कागदाच्या पलीकडचा आहे. आधी कागदाच्या प्रोफाइलवर सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर रंग कसा येईल त्याची पडद्यावरची झलक) पाहावा. तिथे शिरा मिटत असतील तर गुलाबीचं सॅच्युरेशन कमी करून हळूहळू उजेड वाढवावा, शिरा परत येतात. तरीही नको वाटलं तर कासची चित्रं लस्टर (किंचित चकचकीत) कागदावर. एकाच भिंतीवर दोन कागद चालतील, विझलेला तेरडा चालणार नाही. प्रत्येक चित्राची हातभर रुंद पट्टी आधी छापून, ज्या दिव्याखाली लागणार त्याच दिव्याखाली पाहायची.

वाईची जोडी एकाच चौकटीत, वर मे, खाली ऑगस्ट, मध्ये बोटभर पांढरी पट्टी. शेजारी-शेजारी लावली तर नजर डावी-उजवी फिरताना पाण्याची पातळी चुकते. खाली-वर लावली की भिंतीचं टोक त्याच उभ्या रेषेत राहतं.

चित्रओळी लिहिताना आधी काम, मग वर्ष, मग नाव. 'मोटा लावायच्या जागा पंधरा, खोली ११० फूट' हे आधी. फुलांना स्थानिक नाव पहिलं, शास्त्रीय नाव दुसऱ्या ओळीत. ठिकाणाचं नाव सगळीकडे द्यायचं, कंदीलपुष्प आणि इतर दुर्मीळ वनस्पती सोडून. त्यांच्या ओळीत फक्त 'सातारा जिल्हा', आणि बाहेर देण्याच्या फाइलींतून जीपीएसची नोंद काढून टाकायची. कंद उकरून नेणारे लोक अशा नोंदी शोधत असतात. मूळ रॉ फाइलींत ती राहू द्यायची, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक घराबाहेर.